नव्या तांदळाचा भात

आमच्या घरात चिनी माणसं राहायला आली ती अण्णांच्या भिडेमुळं. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, भोर-सारोळे-भोंगवली गाडीवर, आणि कुणी दोन शब्द बरे बोललं की त्याला ‘नाही’ म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हातारीला स्वतःची सीट देऊन भोरपर्यंत दारात लटकत येणारा कंडक्टर मी तरी दुसरा पाहिला नाही. सारोळ्याला पुलाजवळ हायवेवर एक हॉटेल होतं, तिथं वाँग नावाचे आचारी होते. मालकानं एक दिवस हॉटेलाला कुलूप लावलं आणि वाँग आणि त्यांची बायको मेई एक पत्र्याची ट्रंक आणि परातीएवढी कढई घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. अण्णांची गाडी थांबली. अण्णांनी विचारलं, “कुठं जायचंय?” वाँग म्हणाले, “मालूम नहीं.” इथं शहाण्या कंडक्टरनं घंटी मारायची असते. अण्णांनी मारली नाही. संध्याकाळी ती दोघं ट्रंक आणि कढईसकट आमच्या ओसरीवर बसलेली, आणि आई चुलीपाशी उभं राहून अण्णांना म्हणत होती, “मेथीची जुडी आणा म्हटलं तर इसरता, आन ही दोन माणसं बरी ध्यानात ऱ्हायली!” असं म्हणत तिनं पिठात आणखी दोन मुठी पीठ घातलं. भिडस्तपणात आई अण्णांच्या वरताण होती, फक्त तोंडानं कबूल करायची नाही.

आमचं घर भोरला स्टँडच्या मागच्या रस्त्याला. घर दोन भावांचं, अण्णांचं आणि आबांचं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. मधे भिंत, मागं परस एकच, आणि पुढं रस्त्याला लागून एक गाळा दोघांत मिळून. गाळा रिकामा होता. आबांच्या मनात तिथं त्यांच्या दिलीपसाठी खताचं दुकान काढायचं होतं, पण दिलीपचं शिक्षण चालू होतं. निदान आबांची तशी समजूत होती. तोवर गाळा वाँगना द्यावा असं अण्णांनी कसंबसं आबांच्या गळी उतरवलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “दे. पन ही चिनी मान्सं काय शिजवतील त्येचा वास माज्या देवघरात येता कामा नये.” वास आला. दुसऱ्याच दिवशी आला. तापलेल्या तेलावर आलं-लसूण पडलं की आख्ख्या आळीचं नाक वर व्हायचं, आणि मागोमाग व्हिनेगरचा आंबूस भपकारा. माझी खोली गाळ्याच्या वर होती. पोटात भूक असो नसो, मी पुस्तक मिटून नुसती वास घेत बसायची. मॅट्रिकच्या वर्षाला मला जे काही मार्क कमी पडले ते त्या वासानं पडले असं मी आजही सांगते, आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

वासापेक्षा मला आवाज आठवतो. वाँगशेठची कढई आणि लांब दांड्याचा लोखंडी झारा. (चार दिवसांत आळीनं त्यांना शेठ करून टाकलं. गाळा घेतला की माणूस शेठ होतो, ही आमच्याकडची रीत.) भट्टीच्या जाळावर ते कढई उडवायचे, भात हवेत, भात परत कढईत, आणि झारा कढईच्या कडेला खण्णकन. खण्ण, खण्ण, मग जरा थांबून पुन्हा खण्ण. देवळातल्या घंटेनं माझी कधी झोप मोडली नाही, पण दुपारी तो आवाज थांबला की मी वरून डोकावून बघायची, काय झालं म्हणून. पाटी रंगवायला आळीतला पेंटर आला, त्यानं चित्र बघून ड्रॅगन काढला. शेपूट नीट आली, तोंड मात्र घोरपडीचं झालं. वाँगशेठनी पाटीकडं बराच वेळ पाहिलं आणि पेंटरला म्हणाले, “बहुत अच्छा.” तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं की या माणसाच्या ‘बहुत अच्छा’चा काही भरवसा नाही.

वाँगशेठनी चीन बघितलेलाही नव्हता. जन्म कलकत्त्याचा, बाप-आजा तिथंच गेले. हिंदी बोलायचे ती बंगाली वळणाची. मेईमावशी मात्र सुरुवातीला बोलायचीच नाही, नुसती हसायची. आईनं तिला बोलतं केलं. आई वेल्ह्याकडच्या डोंगरातली, हिंदीचा गंध नाही. तिची एक ठाम समजूत होती की भाषा कळत नसेल तर मोठ्यानं बोलावं. “मेईबाई! ह्ये वाळत घातलंय त्ये काय हाय? पाला हाय का?” असं ती परसातून ओरडायची आणि चार घरं पलीकडच्या लोकांना कळायचं की मेईबाईंनी मोहरीचा पाला वाळत घातलाय. मेईमावशी तो पाला मीठ लावून बरणीत दाबून आंबवायची. आई तिच्या शेजारी कुर्डया घालायची. एकीनं चिकाचा घाणा घाटायचा, दुसरीनं सोऱ्या फिरवायचा. एवढं झाल्यावर भाषेचं काय अडतंय? दुपारचा चहा आईचा. आमच्याकडं पाहुण्याच्या चहात साखर कमी पडणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं, त्यामुळं मेईमावशीच्या कपात आई आणखी चमचाभर टाकायची. मेईमावशी कप दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची. आईला वाटायचं, बाईला आपला चहा काय आवडलाय!

पण हॉटेलात आई कधी पाय टाकायची नाही. बाहेरचं खायचं नाही हा तिचा नेम होता. माहेरी जाताना एसटीतसुद्धा फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी. स्टँडवरच्या वड्याकडं ती अशा नजरेनं बघायची की वडेवाल्यानं झाकण लावावं. तेव्हा गाळ्यात गिऱ्हाइकासाठी काय शिजतं ते तिनं कधी पाहिलंच नाही. तिनं पाहिलं ते परसातलं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती दोघं पाटावर बसून जेवायची. हातात वाटी, वाटी ओठाशी, काड्यांनी भात तोंडात. मऊ, एकमेकाला धरून राहिलेला भात, त्यावर वाफवलेली पालेभाजी नाहीतर भाटघर धरणातला मासा, वरून आल्याची चकती. आईनं एकदा माहेरचा आंबेमोहोर वाटीभर नेऊन दिला, तर मेईमावशीनं शिजवलेल्या भातावर वाकून डोळे मिटून वास घेतला. गिऱ्हाइकासाठी बाजारातला जुना, लांबडा, फटफटीत तांदूळ, आणि घरच्यासाठी आमचा. आई त्या दिवशी अण्णांना म्हणाली, “चिनी मान्सं अगदी आपल्यासारकी जेवत्यात हो! भात असा मऊसूत लागतो त्यास्नी. उगं लोकं काईबाई बोलत्यात.”

लोक बोलत होतेच. पाऊस सरला, मागच्या ओढ्यातली बेडकं दरवर्षी गप होतात तशी गप झाली, आणि स्टँडवर बातमी पसरली की चिन्यानं बेडकं संपवली. हसू नका, खरं सांगते. शाळेत पोरी मला विचारायच्या, “तुमच्याकडं साप टांगलेले असतात का गं?” मी म्हणायची, “हो, तुझ्या मामाच्या शेजारीच टांगलाय.” मारही खाल्ला त्यापायी. अण्णांच्या डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर तेवढे यायचे, तेही अण्णांच्या भिडेनं, आणि नूडल्सच्या ताटात बोटानं उलथापालथ करून मग घास घ्यायचे. बाकी बाकडी रिकामी. आबा रोज सकाळी दात घासत गाळ्यासमोर उभे राहायचे आणि रिकाम्या बाकड्यांकडं बघून समाधानानं चूळ भरायचे. पौष लागला तेव्हा ते अण्णांना म्हणाले, “पाडव्याला दिलप्याच्या दुकानाचा नारळ फोडायचा. ह्यास्नी सांग, बोचकं बांधा.”

याच सुमाराला आबांच्या सुशीलेचं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचं, भोंगवलीच्या स्थळाशी जमलं. मुलगा पुण्यात कंपनीत होता. साखरपुडा आमच्या अंगणात ठरला आणि नवरदेवानं निरोप धाडला की जेवणात चायनीज ठेवा, आमचे कंपनीतले मित्र येणार आहेत. आबांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. जावयाचा शब्द मोडवत नाही, आणि चिन्याच्या दारात जाववत नाही. शेवटी गेले. उंबऱ्याबाहेरच उभं राहून वाँगशेठना म्हणाले, “शाकाहारी. अंड्याचा इटाळ नको. आन ऐका, पंगत खूश होऊन उटली तर गाळा तुमचा, म्या परत त्वांड उघडणार न्हाई. न्हाई उटली तर पाडव्याला रस्ता मोकळा.” वाँगशेठ वाकून म्हणाले, “बहुत अच्छा.” मेईमावशी आत गेली आणि भट्टीपाशी पाठ करून उभी राहिली. त्या दोघांना परत ट्रंक घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं नव्हतं. ते तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

साखरपुडा माघात, अमावास्या सरल्या सरल्या होता. आणि गंमत अशी की तोच त्यांचा पाडवा. त्यांचं नवं वर्ष पौष अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं हे मेईमावशीनं आईला बोटांवर चंद्राच्या कला दाखवत समजावलं. आईला हे फार भावलं. “मंजी त्यांचं बी पंचांग चंद्रावरच हाय!” आता सणाच्या दिवशी या बाईच्या नशिबाचा निवाडा व्हायचा, आणि आपण हातावर हात धरून बसायचं? आईनं मामाला निरोप धाडला. मामा वेल्ह्याहून नव्या आंबेमोहोराचं पोतं घेऊन आला. नुकताच सडून आणलेला, हात घातला तर हाताला आंब्याच्या मोहराचा वास. आईनं ते पोतं स्वतः ओढत परसातून गाळ्याच्या मागच्या दारापर्यंत नेलं, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आणि मोठ्यानं, म्हणजे अगदी कळेल अशा मोठ्यानं म्हणाली, “शेठ! ह्या तांदळानंच करायचं बरं का! घरचं कार्य हाय, बाजारचा तांदूळ कशापायी? पाव्हण्याच्या नाकात वास शिरला पायजे!”

वाँगशेठनी पोत्यात हात घातला. एक दाणा दाताखाली धरला. मेईमावशी त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, त्यांनी मान हलवली, ती पुन्हा काही म्हणाली, त्यांनी पुन्हा मान हलवली. मग आईकडं वळून हसले आणि म्हणाले, “बहुत अच्छा चावल, भाभी.” मी तिथंच होते. मला वाटलं, असा तांदूळ मिळाला ही देवाची कृपा, म्हणून बोलतायत.

आता ज्या बायका हे वाचतायत त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. नव्या तांदळाचा भात मोकळा होत नाही. होतच नाही. आमच्याकडं लग्नातला मसालेभात कुणी नव्या तांदळाचा करत नाही, त्याला वर्षाचा जुना लागतो, हे चुलीपाशी बसणाऱ्या पोरीलाही ठाऊक. आईला तर नक्कीच ठाऊक होतं, भाताच्या खाचरातच वाढलेली बाई ती. पण फ्राईड राईस हा मोकळाच लागतो, कढईत उडतो, दाणा न् दाणा सुटा असतो, हे तिला कुठून कळणार? तिनं हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं. तिनं चिनी माणसं जेवताना पाहिली होती, आणि चिनी माणसं मऊ, चिकट भात खात होती. स्टँडवरच्या सगळ्या लोकांपेक्षा आईला चिनी जेवण जास्त ठाऊक होतं, आणि तेच नडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्या दोघांनी काय करायचं बाकी ठेवलं नाही. भात आदल्या दिवशीच शिजवला, पाणी मोजून कमी घातलं, धुतलेल्या धोतरावर पसरला, मेईमावशी सुपानं वारा घालत बसली. तेल चोळलं. उन्हात नेला, सावलीत आणला. साखरपुड्याच्या दिवशी अंगणात मांडव, सुशीला नव्या शालूत घामाघूम, भोंगवलीची मंडळी कोचावर आणि सतरंजीवर, भटजींचं पुण्याहवाचन चाललेलं. मी वरच्या खोलीत केस विंचरत होते आणि कान मात्र गाळ्याकडं. झारा वाजला, पण खण्ण नाही. थप्प. पुन्हा थप्प. चिखलात फावडं मारल्यासारखा आवाज. मी तशीच अर्धी वेणी घालून खाली पळाले. वाँगशेठ कढई उडवत होते आणि भात उडत नव्हता. आख्खा गड्डाच्या गड्डा वर जायचा आणि गड्डाच खाली यायचा. त्यांच्या कपाळावरून घाम भट्टीत गळत होता. मेईमावशी बाजूला उभी, आई पदराला हात पुसते तशी ओढणीला पुसत.

पंगत बसली. पत्रावळीवर बादलीतून नूडल्स वाढल्या, पोरांनी हातानं ओढून खाल्ल्या, हसली, तिथवर ठीक. मंच्युरियनला ‘तिकटाची भजी’ म्हणत बायकांनी मान डोलावली. मग भात आला. आमच्याकडं पंगतीत बाकी काही का असेना, भात बिघडला की पंगत बिघडली. नवरदेवाचे मामा पहिल्या पानावर होते. त्यांनी भाताचा गोळा उचलला, बोटं ताणून बघितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आवो, ह्यो भात म्हनायचा का खळ? पोश्टरं चिकटवायची हायती का?” हशा पिकला. कंपनीतले मित्र एकमेकांकडं बघू लागले. नवरदेव खाली मान घालून म्हणाला, “पुण्यात असा नसतो.” आबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांना जावयासमोर लाज वाटत होती हे खरं, पण मिशीखाली समाधानही होतं, आणि मला ते दिसलं. त्या क्षणी मला आबांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात फार थोड्यांचा आलाय. वाँगशेठ बादली धरून पंगतीच्या मधोमध उभे होते. तांदूळ कुणाचा, ते सांगितलं असतं तर सुटले असते. नाही सांगितलं.

आई माजघराच्या दारात होती. तिनं पुढं येऊन एका पानावरचा भात बोटांनी चिवडला. मग तिला कळलं. तिचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. थोरल्या दिरासमोर आई कधी आवाज चढवून बोलली नव्हती, डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. ती पदर सावरत सरळ पंगतीच्या मधे जाऊन उभी राहिली. “तांदूळ माजा हाय,” ती म्हणाली. परसात मेईमावशीशी बोलायची त्याच आवाजात. “नव्या तांदळाचा मोकळा भात हुईल का? माजीच अक्कल शेन खायला गेली. ह्या मान्साला ठावं व्हतं. भिडंपायी मला न्हाई म्हनला न्हाई. त्येच्या कामाला नावं ठिवू नगा.” मग जे झालं त्यानं आमच्या घरातले तर थक्कच झाले. पंगतीच्या टोकाला एक रिकामं पान होतं, तिथं आई बसली आणि वाँगशेठना म्हणाली, “वाढा.” स्टँडवरच्या वड्याला न शिवणारी माझी आई सगळ्या पाहुण्यांसमोर बसून तो भात जेवली. नूडल्स जेवली, भजी जेवली, पान पुसून काढलं. डोळ्यांत पाणी होतं, पण पानात काही टाकलं नाही. भोंगवलीच्या दोन म्हाताऱ्या तिच्याकडं बघून म्हणाल्या, “आमाला बी वाड बाबा, दात न्हाईत आमाला, मऊच बरा.” त्या पोटभर जेवल्या.

गोष्टीत असतं तर आबा विरघळले असते. आबा विरघळले नाहीत. पाहुणे गेल्यावर अण्णांना म्हणाले, “शब्द म्हंजी शब्द.” अण्णा माझे, त्यांना तेव्हाही ‘नाही’ म्हणता आलं नाही. मान खाली घालून ऐकून घेतलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्या घरातही नांदत होती आणि गाळ्यातही. पाडव्याला गाळ्यात खताचं दुकान निघालं आणि माझ्या खोलीत युरियाचा वास यायला लागला. आईनं आबांशी बोलणं टाकलं. सण आले, बारशी झाली, सुशीलेचं लग्न झालं, आई सगळीकडं राबली, पण आबांच्या ताटात वाढताना एक शब्द नाही.

पाडव्याआधी ती दोघं गाळा सोडून गेली, त्याच्या आदल्या दुपारी मेईमावशीनं आईला परसात जेवायला बोलावलं. मीही होते. आई पाटावर बसली, हातात वाटी घेतली. आमचाच आंबेमोहोर, मऊसूत, वर आंबवलेला मोहरीचा पाला आणि आल्याची वाफाळलेली चकती. पुण्यामुंबईचे लोक हल्ली अस्सल, अस्सल म्हणून कुठं कुठं जेवायला जातात. अस्सल चिनी जेवण मी भोरमध्ये, कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली बसून जेवले. आई दोन घास जेवली आणि वाटी खाली ठेवून म्हणाली, “शेठ, त्या दिशी मला न्हाई का म्हनला न्हाईत?” वाँगशेठ म्हणाले, “भाभी, आपने घर दिया. आपको ना कैसे बोलें?” आई भडकली. रडत रडत भडकली. “घर दिलं म्हून? आरं, घरातल्या मान्सालाच न्हाई म्हनत्यात! परक्याला व्हय म्हनायचं असतं! मेईबाई, तुमी जानार न्हाई हितनं, मला एकदा न्हाई म्हनल्याबिगर. म्हना, न्हाई!” मेईमावशी घाबरली. नवऱ्याकडं बघितलं. मग अगदी हळू, आईच्याच शब्दात म्हणाली, “चाय... न्हाई. शक्कर... लई.” वर्षभर ती बाई तो पाक पीत होती! आई आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग मेईमावशीला मिठी मारून रडली, मग पुन्हा हसली. मेईमावशीही हसत होती, आणि सुटल्यासारखी म्हणतच सुटली, “न्हाई. न्हाई. शक्कर न्हाई.”

पुण्यात त्यांना जागा मिळाली. एका गल्लीत लहानसं हॉटेल चाललं, पुष्कळ वर्षं चाललं. दर वर्षी नवा तांदूळ आला की आई त्यातला पोतंभर स्वारगेटच्या गाडीत अण्णांच्या ओळखीच्या कंडक्टरकडं द्यायची, आणि निरोप एकच, “मोकळा व्हायचा न्हाई म्हनावं.” मेईमावशी कधी आली तर चहा बिनसाखरेचा मागून घ्यायची. घरातल्या सगळ्यांना तोंडावर बोलायची, अण्णांना म्हणायची, तुमचा सदरा चांगला नाही. पाहुण्यासारखं वागवून घेणं तिनं कायमचं सोडलं होतं.

आई गेली ती हिवाळ्यात. नवा तांदूळ पाठवून थोडेच दिवस झाले होते. सकाळीच पुण्याला फोन केला. आमच्याकडं मयताच्या घरात चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी कडू घास आणायचा असतो. स्मशानातून माणसं परत आली, सुशीलेच्या सासरहून पिठलं-भाकरी आली, आणि मागोमाग मेईमावशी. वाँगशेठ तेव्हा हयात नव्हते. ती एकटीच, केस पांढरे झालेले, हातात फडक्यात बांधलेलं भलं मोठं पातेलं. कुणी तिला ही रीत सांगितली होती कोण जाणे. आईनंच कधीतरी, कुर्डया घालताना, सांगितली असणार. पातेल्यात आईनं पाठवलेल्या नव्या आंबेमोहोराचा भात होता. मऊ, चिकट, वाफेला मोहराचा वास. तिनं स्वतः सगळ्यांना वाढलं. मी घास घेतला खरा, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. दिवसभर आलं नव्हतं. मी दगड झाले होते.

आबा भिंतीला टेकून बसले होते. खूप थकलेले, मिशी विरळ झालेली, साखरेचा आजार, डॉक्टरांनी भात बंद केलेला. आईनं त्यांच्याशी धरलेला अबोला शेवटपर्यंत सोडला नव्हता. मेईमावशीनं त्यांच्याही ताटात दोन घास वाढले. आबा हातानं कालवून जेवले, सावकाश, खाली बघत. एक शीतही ठेवलं नाही. मग ताट पुढं सरकवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “वाड आनिक थोडा. ग्वाड झालाय भात.” सगळे मेईमावशीकडं बघायला लागले. ती पळीत भात घेऊन आबांसमोर उभी होती. मग तिनं पळी पातेल्यात परत ठेवली, ताट त्यांच्या पुढ्यातून उचललं, आणि मोठ्यानं, परसातून आई बोलायची तसं मोठ्यानं म्हणाली, “न्हाई. साखर हाय तुमाला. बास झालं.”

आबांनी मान हलवली आणि हात धुवायला उठले. मी तिथंच, उष्ट्या हातानं, हमसून हमसून रडले.